तंजावर, चौथ्यांदा : सांबाराची दंतकथा आणि मध्यरात्रीची घंटा

१/ काही शहरे अशी असतात की तेथे कितीही वेळा गेले तरी परतताना काहीतरी राहून गेल्याची रुखरुख लागते. माझ्यासाठी तंजावर हे तसे शहर आहे. यंदा मी तेथे चौथ्यांदा गेले आणि आपण आजवर या शहराचा एक कोपराच पाहत होतो, हे प्रथमच लक्षात आले. हा धागा त्या उरलेल्या शहराविषयी आणि माझ्या एका चुकीविषयी आहे.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले. तेथपासून १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारे १८० वर्षे, कावेरीच्या खोऱ्यात भोसल्यांची गादी नांदली. १७९९ च्या तहाने सरफोजी दुसरे यांच्याकडे किल्ला व त्याचा परिसर एवढेच उरले. राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला.

३/ आपल्यापैकी बहुतेक जण तंजावरला जातात ते तीन गोष्टींसाठी. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेले बृहदीश्वर मंदिर, त्याच्या प्राकाराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले कुळाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख, आणि सरस्वती महाल ग्रंथालय. पहिल्या तीन खेपांत मीही एवढेच पाहिले. तमिळ मुलुखात दगडावर देवनागरी अक्षरे पाहून ऊर भरून आला, छायाचित्रे काढली, परतले.

४/ त्याच भरात तीन वर्षांपूर्वी मी येथे एक धागा लिहिला होता : ‘सांबाराचा जन्म मराठ्यांच्या मुदपाकखान्यात झाला’. गोष्ट तुम्हांस ठाऊक असेलच. शहाजी राजांच्या दरबारी संभाजी महाराज पाहुणे आले, आमटीसाठी कोकम संपले होते, म्हणून चिंच घातली आणि पाहुण्यांच्या नावावरून ‘सांबार’ झाले. तो धागा पुष्कळ फिरला. माझ्या कोणत्याही गंभीर लेखनाला तितके वाचक लाभले नाहीत.

५/ आता त्याच गोष्टीची परीक्षा करू. तंजावरचे शहाजी राजे गादीवर आले १६८४ मध्ये. संभाजी महाराजांची हत्या झाली १६८९ मध्ये. म्हणजे ही भेट घडायला जेमतेम पाच वर्षांचा अवकाश, आणि या काळात महाराज औरंगजेबाशी अखंड झुंजत होते. अशा पाहुणचाराला समकालीन कागदाचा आधार नाही.

६/ दुसरी अडचण स्वयंपाकघरातली. कोकम मुख्यत्वे कोकणचे. देशावर आमटीत चिंच-गूळ पिढ्यान्‌पिढ्या पडत आला आहे. व्यंकोजींबरोबर दक्षिणेत गेलेल्या देशावरच्या माणसांना चिंचेचा शोध तंजावरला लागला असे मानायचे, तर आपली घरची चिंचगुळाची आमटी आधी विसरावी लागेल.

७/ तिसरी अडचण शब्दाची, आणि येथे मला माझ्याच घराने खोटे पाडले. आम्ही वऱ्हाडातले. आमच्याकडे ‘सांबार’ म्हणजे कोथिंबीर. सांबारवडी खाऊन मी मोठी झाले. गुजरातीत लोणच्याच्या मसाल्याला ‘संभार’ म्हणतात. संस्कृतात ‘संभार’ म्हणजे जमवलेले साहित्य. मसाला व साहित्य या अर्थाचा शब्द हाताशी असताना राजाचे नाव शोधायची गरज काय होती? गरज पदार्थाची नव्हती, आमच्या अभिमानाची होती.

८/ ही कबुली मनात ठेवून या खेपेस निघाले. ठरवले की मराठी खुणा शोधायच्या नाहीत, शहर पाहायचे. पहिल्या सकाळी पूर्वेच्या वेशीपाशी नायक राजवटीतली प्रचंड तोफ पाहिली. ती ओतीव नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्यांवर कडी चढवून, तापवून, ठोकून घडवली आहे. लांबी ७ मीटरहून अधिक. मराठ्यांच्या आधीचे तंजावर किती समर्थ होते याची साक्ष देणारी ही वस्तू तीन खेपांत मला दिसलीही नव्हती.

९/ नंतर शिवगंगा तलावालगतचे श्वार्ट्‌झ चर्च. आत इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याचे संगमरवरी शिल्प आहे. मृत्युशय्येवर मिशनरी श्वार्ट्‌झ, आणि त्याचा हात हाती घेऊन उभे असलेले तरुण सरफोजी. श्वार्ट्‌झने त्यांना शिकवले, जपले. १७९८ मध्ये तो वारला. भोसले कुळातील राजाने ख्रिस्ती गुरूसाठी करवून घेतलेले हे स्मारक बृहदीश्वराच्या अगदी शेजारी आहे. दोन वास्तूंमधले अंतर चालत काही मिनिटांचे. मला ते ओलांडायला चार खेपा लागल्या.

१०/ दुपारी एका मैत्रिणीच्या मावशींकडे जेवण होते. त्यांच्या घरी आजही तंजावरी मराठी बोलतात. पानात वाढलेले पाहून मी वही काढली. डांगर पच्चडि : भाजलेल्या उडदाचे पीठ दह्यात कालवलेले. आपल्याकडचे डांगर तेच! पदार्थाचे नाव मराठी, पुढचा ‘पच्चडि’ तमिळ. रसवांगी : तमिळमध्ये वांग्याला ‘कत्तिरिक्काय’ म्हणतात, तरी या पदार्थाच्या नावात मात्र ‘वांगी’ टिकून आहे.

११/ फरक लक्षात घ्या. सांबाराच्या कथेत राजा आहे, पण पुरावा नाही. डांगरात राजा नाही, पण पुरावा आहे. नाव, घटक आणि कृती तिन्ही जुळतात. शतकानुशतके चुलीपुढे बसलेल्या अनाम बायकांनी हा शब्द जपला. मावशींना मी सांबाराच्या जन्माविषयी विचारले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “ते कुणाचेही असो, निवायच्या आत खाऊन घे.”

१२/ संध्याकाळी बाजारात ‘चंद्रकला’ खाल्ली. खव्याचे सारण, अर्धचंद्राकार, पाकात मुरलेली. जिभेने तत्काळ निकाल दिला : करंजी! पण या खेपेस जिभेचा निकाल मी राखून ठेवला. खवा भरलेले अर्धचंद्र उत्तर हिंदुस्थानातही ठायी ठायी होतात; केवळ रूप जुळले म्हणून नाते सिद्ध होत नाही. दुसऱ्या दिवशी तिरुवैयारूला मुगाच्या डाळीचा ‘अशोका’ हलवा खाल्ला. हे गाव संत त्यागराजांचे, आणि ते सरफोजींचे समकालीन. हलव्याचे मूळ शोधत बसले नाही. तुपाने माखलेला घास अवीट होता.

१३/ मग खरी खाद्यसाधने कोणती? व्यंकोजींची राणी दीपाबाई हिच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ नवहस्त यांचा ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ आहे. धान्ये, फळे, दूधदुभते, शिजवलेले पदार्थ यांचे गुणदोष त्यात आले आहेत. पुण्याच्या परशुराम कृष्ण गोडे यांनी या ग्रंथाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. याशिवाय सरस्वती महालात मोडीतील राजदरबारी दफ्तराचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. दंतकथा वाचायला कष्ट लागत नाहीत. मोडी वाचायला लागतात.

१४/ अखेरचा दिवस ओरत्तनाडूसाठी राखला होता. तंजावरच्या दक्षिणेस, रामेश्वराच्या वाटेवर सरफोजींनी १८०२ मध्ये मुक्तांबाळ छत्र बांधले. मुक्तांबाळ ही त्यांची प्रिया. विवाहित राणी नव्हे. तिच्या स्मरणार्थ राजवाडा वा छत्री न उभारता राजाने अन्नछत्र उभारले. भोसल्यांची अशी अनेक छत्रे या वाटेवर होती.

१५/ कंपनीकडे राज्य गेल्यावर या छत्रांचे काय होणार, ही सरफोजींची चिंता होती. १८०१ मध्ये त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहून छत्रे आपल्याकडेच राहू द्यावीत अशी विनंती केली. त्यात तेथील रिवाज सांगितला आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, कोणीही वाटसरू असो, त्यास भात मिळे. शिजवलेले नको असेल त्यास शिधा. वाढप मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून पुकारा होई : कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे, त्याच्यासाठी भात तयार आहे.

१६/ हा मजकूर मी पूर्वी वाचला होता, पण वाचून पुढे गेले होते. त्यात ना युद्ध, ना शोधाचे श्रेय. छत्राच्या दगडी खांबांमध्ये उभी असताना मात्र वाटले की ज्याच्या हातून राज्य गेले होते, तो राजा निदान एवढे वाचवू पाहत होता. तोफा नव्हेत, खजिना नव्हे. मध्यरात्री उपाशी माणसाला हाक मारण्याचा अधिकार. तंजावरच्या मराठ्यांच्या अन्नाचा इतिहास लिहायचा असेल तर मी येथून सुरुवात करीन. सांबार कोणी शोधले हा प्रश्न त्यापुढे फार लहान आहे.

१७/ तीन वर्षांपूर्वीचा तो धागा मी काढून टाकलेला नाही. त्याखाली या धाग्याचा दुवा जोडत आहे, म्हणजे चूक आणि दुरुस्ती एकत्र वाचता येतील. तुमच्या आवडत्या शहरात पुन्हा जाल तेव्हा आधी न पाहिलेल्या एका वास्तूपाशी थांबा, कोणाच्या तरी घरी जेवा, आणि पानातल्या पदार्थाचे नाव नीट ऐका. आणि जमल्यास या वर्षी मोडी शिका. दफ्तरे वाट पाहत आहेत.

लेखनसीमा.