उसन्या ठेक्याचे ऋण

१७ डिसेंबर १९९१ रोजी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात न्यायमूर्ती केव्हिन डफी यांनी एक निकाल दिला. निकालपत्राचा प्रारंभ त्यांनी कायद्याच्या कलमाने न करता निर्गम ग्रंथातील चोरीस मनाई करणाऱ्या आज्ञेने केला. बिझ मार्की या रॅप गायकाने गिल्बर्ट ओ’सलिव्हन यांच्या १९७२ सालच्या गीतातील पियानोचा एक तुकडा परवानगीवाचून आपल्या गाण्यात घेतला होता. त्या गाण्याच्या विक्रीस मनाई झाली. ‘सारेच असे करतात’ हा बचाव न्यायमूर्तींनी मानला नाही, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातील मूलही तो मानणार नाही. तथापि ज्या हिप-हॉप संगीतावर हा ठपका आला, त्याचा इतिहास पाहू जाता प्रश्न तितका सरळ राहत नाही. दुसऱ्याच्या सामग्रीतून आपले काही निर्माण करणे ही उचलेगिरी, की साधना?

या संगीताचा जन्म दारिद्र्यात झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्रॉन्क्समधील १५२०, सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीच्या सभागृहात सिंडी कॅम्पबेल हिने नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. तबकड्या वाजविण्याचे काम तिच्या भावाकडे होते. जमैकाहून आलेला हा क्लाइव्ह कॅम्पबेल पुढे कूल हर्क या नावाने ओळखला गेला. गाणे थांबून केवळ ताल उरतो, त्या ‘ब्रेक’च्या क्षणी नाचणाऱ्यांना उधाण येते, हे त्याने हेरले. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो काही सेकंदांचा ठेका तो पुनःपुन्हा वाजवू लागला. महागडी वाद्ये नव्हती. तबकडी हेच वाद्य झाले.

हर्कचे वादन बारकाईने पाहणाऱ्यांत जोसेफ सॅडलर हा तरुण होता. पुढे तो ग्रँडमास्टर फ्लॅश झाला. एका तबकडीवरून दुसरीवर जाताना हर्कची लय निसटते, हे त्याच्या ध्यानी आले. व्यवसाय-शाळेत तो विद्युत्-उपकरणांचे शिक्षण घेत होता. ठेका नेमका कोठे सुरू होतो त्याची खूण त्याने तबकडीवर रंगीत खडूने केली, आणि पुढचा तुकडा श्रोत्यांआधी आपल्या कानी पडावा अशी जोडणी स्वतः तयार केली. गुरूची कल्पना तीच. शिष्याने तिच्यातील उणीव शोधून तिला शिस्त दिली. अनुकरण आणि अभ्यास यांतील अंतर येथेच दिसते.

१९८०च्या दशकात ध्वनीचा तुकडा साठवून हवा तसा वाजविणारी ‘सॅम्पलर’ यंत्रे आली. क्वीन्समधील मार्ली मार्ल याने जुन्या तबकडीवरील ड्रमचा एकेक आघात सुटा करून त्यांतून स्वतःचे ठेके रचले. १९८७ साली आलेल्या एसपी-१२०० या यंत्रात जेमतेम दहा सेकंदांचा ध्वनी मावत असे. म्हणून रचनाकार तबकडी अधिक वेगाने फिरवून ध्वनी टिपत आणि यंत्रात त्याचा वेग पुन्हा उतरवीत. त्यातून आलेला खरखरीत नाद हीच त्या काळच्या संगीताची ओळख ठरली. पॉल सी या ध्वनिमुद्रण-तज्ज्ञाने हे यंत्र लार्ज प्रोफेसर या किशोरवयीन मुलास शिकविले. १९८९ साली पॉल सी यांची हत्या झाली; विद्या मात्र शिष्याच्या हाती राहिली. १९९४ साली नास या तरुण कवीच्या ‘इलमॅटिक’ या संग्रहासाठी लार्ज प्रोफेसर, डीजे प्रीमियर, पीट रॉक आणि क्यू-टिप एकत्र आले, तेव्हा आपल्याकडे ज्याला घराणे म्हणतात तसे काहीसे तेथे उभे राहिले होते.

डेट्रॉइटचा जेम्स यान्सी, अर्थात जे डिला, हा या परंपरेचा थोर विद्यार्थी. त्याची आई ऑपेरा गाणारी, वडील बास वाजविणारे. अँप फिडलर या शेजारच्या वादकाने त्याला एमपीसी हे यंत्र हाताळावयास शिकविले. पीट रॉकच्या रचनांचा तो निस्सीम चाहता होता. परंतु त्याने पीट रॉकची नक्कल केली नाही. यंत्र प्रत्येक आघात काटेकोर मात्रेवर आणून बसवू पाहते. डिलाने ते बंधन सैल केले आणि आघात किंचित पुढे-मागे सरकविले. यंत्राच्या लयीत माणसाचा श्वास आला. पुढे हाडामांसाचे ड्रमवादक त्याची लय हाताने वाजविण्याचा सराव करू लागले! आज त्याचे यंत्र वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहास व संस्कृती संग्रहालयात जतन केलेले आहे.

ख्रिस्तसभेच्या संगीताला ही वाट अपरिचित नाही. ‘शस्त्रधारी पुरुष’ या लौकिक फ्रेंच गीताच्या चालीवर पंधराव्या-सोळाव्या शतकांत चाळीसहून अधिक मिस्सा रचल्या गेल्या. पालेस्त्रीना यांच्या शंभरावर मिस्सांपैकी सुमारे निम्म्या आधीच्या रचनांवर, कधी स्वतःच्या तर कधी इतरांच्या, आधारलेल्या आहेत. त्यांना कोणी चोर म्हटले नाही. घेतलेल्या सुरावर त्यांनी जे श्रम केले, त्यात त्यांचे स्वतःचेपण होते.

मग सारे निर्दोष ठरले काय? तसे नाही. १९६९ साली द विन्स्टन्स या वाद्यवृंदाने ‘आमेन, ब्रदर’ ही धून ध्वनिमुद्रित केली. मूळ गाणे कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोकांच्या उपासनेतले. धुनेच्या मध्यावर ग्रेगरी कोलमन याने ड्रमवर चार आवर्तने वाजविली; अवधी सहा-सात सेकंद. हा ठेका पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला. कोलमनला त्याबद्दल काहीही मिळाले नाही. २००६ साली तो निष्कांचन अवस्थेत वारला. अखेरीस त्याला घरही नव्हते, असे त्याच्या वाद्यवृंदाचे नायक रिचर्ड स्पेन्सर यांनी सांगितले आहे. त्याच वर्षी, १० फेब्रुवारीला, डिलाही बत्तिसाव्या वर्षी गेला. एकाचे यंत्र संग्रहालयात गेले. ज्याच्या हाताचा ठेका जगभर घुमला, त्याचे नावही बहुतेकांना ठाऊक नाही. २०१५ साली चाहत्यांनी वर्गणी जमवून सुमारे २४ हजार पौंड स्पेन्सर यांना दिले. कोलमनसाठी मात्र फार उशीर झाला होता.

१९९१च्या निकालानंतर परवानगी घेणे अनिवार्य झाले. परंतु परवानगीचा पैसा हक्काच्या मालकाकडे जातो. पगारावर ठेका वाजविणारा वादक बहुधा मालक नसतो. कायदा पाळला जातो आणि अन्याय तसाच उरतो. सातवी आज्ञा केवळ घेऊ नको एवढेच सांगत नाही. आपल्या नीतिशास्त्रानुसार या आज्ञेत भरपाईही येते. ज्याचे घेतले त्याला ते परत पोहोचले पाहिजे, आणि तो हयात नसेल तर त्याच्या वारसांना.

हे संगीत आता आपल्या उंबरठ्याशी आले आहे. अंधेरीत वाढलेला व्हिव्हियन फर्नांडिस ‘डिव्हाइन’ या नावाने रॅप गातो. २०१५ सालचे ‘मेरे गली में’ हे त्याचे आणि नेझीचे गाणे सर्वतोमुखी झाले. आपल्या धर्मग्रामांतील मुले संगणकावर ठेके रचतात. त्यांना ‘हे सारे उसने आहे’ म्हणून हिणवू नये. फ्लॅशने हर्ककडे पाहिले तसे त्यांनी आपल्या गुरूंकडे पाहावे. ठेका सुटा करून समजून घ्यावा, त्यातील उणीव शोधावी, आणि मगच स्वतःचे रचावे. आणि तो ठेका प्रथम कोणाच्या हातून उमटला, हेही त्यांनी शोधून काढावे. त्याचे नाव लिहावे, त्याचे देणे द्यावे. कलेत उसने घेणे पाप नव्हे. घेतल्याचा विसर पडणे हे मात्र पाप आहे.