वॉर्ड एक्समधलं घड्याळदुरुस्तीचं टेबल

पहिल्या महायुद्धात पाठीचा कणा मोडलेला सैनिक म्हणजे हातचा गेलेला माणूस, असंच डॉक्टर धरून चालत. पाठीवरच्या शय्याव्रणांत पू व्हायचा, लघवीचा संसर्ग मूत्रपिंडांपर्यंत चढायचा आणि खेळ आटोपायचा. १९१७ साली जर्मनीतल्या एका इस्पितळात स्वयंसेवक असलेल्या लुडविग गुटमान यांनी असाच एक तरणाबांड खाणकामगार मरताना पाहिला.

पुढे ते मेंदू आणि मज्जासंस्थेचे शल्यविशारद झाले. ज्यू म्हणून नाझींनी नोकरीवरून काढलं, १९३९ मध्ये ते इंग्लंडला पोचले. १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल इस्पितळातला ‘वॉर्ड एक्स’ त्यांच्या हाती आला. दर दोन तासांनी, अगदी रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलायची हा त्यांचा दंडक. माणसं जगू लागली.

पण जगून करायचं काय? गुटमान यांनी सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन यांना उपचारातच जागा दिली. वेळ घालवायला दिलेला हा विरंगुळा नव्हता. चिमट्यात धरलेलं चक्र नेमकं कुठून काढलं, हे लक्षात ठेवल्याशिवाय घड्याळ पुन्हा जुळत नाही. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, तिथे १६ रुग्णांची तिरंदाजी स्पर्धा झाली. पॅरालिंपिकचं मूळ ते हेच.

घड्याळाच्या टेबलावर आपोआप होणाऱ्या स्मृती आणि एकाग्रतेच्या सरावाला मात्र कण्याच्या रुग्णांच्या पुनर्वसनात वेगळं स्थान फार उशिरा मिळालं. वाहन-अपघातात बऱ्याचदा कण्याबरोबर डोक्यालाही मार बसतो. पण लुळे पाय सगळ्यांना दिसतात, विसराळूपणा मात्र खचलेपणाच्या खात्यावर जमा होतो. आणि इथे विसरणं महागात पडतं. बधिर कातडी दुखून इशारा देत नाही. घरी गेल्यावर नर्स नसते. चाकाच्या खुर्चीत ठरावीक वेळाने अंग उचलायचं, लघवीच्या कॅथेटरची वेळ पाळायची, हे सगळं रुग्णालाच ध्यानात ठेवावं लागतं.

स्टोक मँडेव्हिलची ही खेळ आणि कामाची वाट भारतातही दिसते. सांगली जिल्ह्यातले सैनिक मुरलीकांत पेटकर १९६५च्या भारत-पाक युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी भारताला पहिलं पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिलं. एरवी पुण्यात ते टेल्को या वाहन-कंपनीत नोकरी करत.