कौलं काढून पत्रे घातले, पण घराची भट्टी का झाली?

कोकणात जुन्या कौलारू घरांवर आता सर्रास पत्रे दिसतात. कारणंही खरी आहेत. माकडं कौलं फोडतात आणि दरवर्षी पावसाआधी कौलं परतायला माणसं मिळत नाहीत. पत्रे घातले की ही कटकट संपते. पण मे महिन्यात माळ्यावर पाय ठेववत नाही आणि खालच्या खोलीत पंखाही गरम वारा फेकतो.

असं का होतं? पातळ पत्रा झटकन तापतो, हे एक कारण. दुसरं कारण हवेचं. गरम हवा वर चढते आणि आढ्याखाली साचते. मंगलोरी कौलं (यांचा पहिला कारखाना बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला काढला) रिपांवर नुसती एकमेकांत अडकवलेली असतात. त्यांच्या फटींमधून ही हवा निसटते. पत्र्याला अशा फटी जवळजवळ नसतातच. त्यात पाली, पाखरं नकोत म्हणून वळचणीची फटही सिमेंटने बुजवली, तर हवेला वाटच उरत नाही.

पावसाळ्यानंतर वेगळाच त्रास. ओल कोंडून वाशांना बुरशी धरते. थंडीत पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला दव जमून ठिबकतं आणि घरचे समजतात, नवा पत्रा गळतोय!

उपाय साधा आहे: हवा खालून आत, वरून बाहेर. वळचणीची फट मोकळी ठेवून तिला जाळी मारायची आणि आढ्याजवळ, बाजूच्या त्रिकोणी भिंतींत, झरोके ठेवायचे. किती मोठे? अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांत माळ्याच्या क्षेत्रफळाचा दीडशेवा भाग उघडा ठेवायला सांगतात. म्हणजे 600 चौरस फुटांना 4 चौरस फूट. खाली-वर साधारण निम्मी-निम्मी वाटणी असेल, तर 2 चौरस फूटही चालतात. आपल्याकडच्या उन्हात मात्र हात आखडता घेऊ नये.

छपरावर वाऱ्याने गरगर फिरणारे गोल पंखेही मिळतात. पण खालून हवा यायला वाट नसेल, तर ते शोभेचेच. आणि हवा खेळती असली तरी तापलेल्या पत्र्याची धग खाली येतेच. त्यासाठी पत्र्याला वरून पांढरा रंग लावावा लागतो.

जाळी मात्र वर्षातून एकदा झाडा. धूळ आणि कोळिष्टकांनी ती बुजली, की पुन्हा तोच उकाडा.