साहस भांडवल : नवोद्योगांची परीक्षा

साहस भांडवल : ज्या उद्योगाला अद्याप ताळेबंद नाही, तारण ठेवावयास जमीनजुमला नाही आणि ज्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळेल किंवा नाही हेही खात्रीने सांगता येत नाही, अशा उद्योगाच्या भागभांडवलात हिस्सा घेऊन तो काही वर्षांनी मोठ्या किमतीस विकण्याच्या आशेने गुंतविलेला पैसा. बँक कर्जदाराची पत पाहते, कारण मुद्दल व व्याज यांखेरीज तिला काही मिळावयाचे नसते. साहस भांडवलदाराचा हिशेब निराळा असतो : हाती घेतलेले बहुतेक उद्योग बुडाले अथवा जेमतेम मुद्दल देऊन थांबले, तरी एखाददुसऱ्याच्या यशाने सर्वांची भरपाई व्हावी अशी त्याची अपेक्षा असल्यामुळे, ‘हे बुडेल काय’ यापेक्षा ‘हे साधले तर केवढे होईल’ हाच प्रश्न त्याच्या छाननीत वरचढ ठरतो.

पूर्वेतिहास : श्रीमंत घराण्यांनी आपल्या मर्जीतील कारागिरांना वा दर्यावर्दींना पैसा पुरविण्याची चाल जुनीच आहे, तिचा विचार येथे केलेला नाही.

बोस्टनचा प्रयोग : दुसऱ्या महायुद्धानंतर 1946 मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे ‘अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेचे (एमआयटीचे) अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन व पुढे व्हर्माँटचे सिनेटर झालेले राल्फ फ्लँडर्स हे होते. तिचा कारभार मात्र दीर्घकाळ जॉर्ज दोरिओ (1899–1987) यांच्या हाती राहिला. पॅरिसमध्ये जन्मलेले, हार्व्हर्डच्या व्यवसायशाळेत अध्यापन करणारे आणि युद्धकाळात अमेरिकी लष्कराच्या पुरवठा खात्यात ब्रिगेडियर जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोचलेले हे गृहस्थ सामान्य कल्पनेच्या उत्तम माणसाला उत्तम कल्पनेच्या सामान्य माणसापेक्षा श्रेष्ठ मानीत, आणि पैसा दिल्यावर उद्योगाच्या पाठीशी वर्षानुवर्षे उभे राहणे हाच आपला खरा धंदा समजत. या संस्थेचे भाग जनतेला खुले असल्याने तिला आपला जमाखर्च प्रसिद्ध करावा लागे, आणि तिच्या निर्णयांची माहिती पुढे आलेल्या खाजगी भागीदाऱ्यांच्या मानाने अधिक उपलब्ध होण्याचे तेही एक कारण असावे.

संस्थेच्या आरंभीच्या गुंतवणुकींपैकी ‘हाय व्होल्टेज इंजिनिअरिंग’ ही एक असून, कर्करोगावरील क्ष-किरण उपचारांस उपयोगी पडणारी यंत्रे ही कंपनी बनवी. परंतु बोस्टनच्या परीक्षापद्धतीचे खरे स्वरूप 1957 मधील एका प्रकरणात दिसते. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतील केनेथ ओल्सन व हार्लन अँडरसन हे दोन अभियंते आपल्या संकल्पित कंपनीसाठी पैसा मागावयास आले, तेव्हा संचालकांपुढे जाण्यापूर्वी त्यांना संस्थेच्याच माणसांनी तीन गोष्टी समजावून सांगितल्या, असे पुढे ओल्सन सांगत : मोठमोठ्या कंपन्या संगणकाच्या धंद्यात तोटा सोसत असल्याने ‘संगणक’ हा शब्द उच्चारू नये; शेकडा 5 नफ्याचे आश्वासन अपुरे वाटेल म्हणून शेकडा 10 सांगावे; आणि संचालक मंडळी वयोवृद्ध असल्याने नफा लवकर हाती येईल असे म्हणावे. त्याप्रमाणे अर्ज संगणकाऐवजी त्याच्या सुट्या विद्युत्-घटकांचा झाला. 70,000 डॉलरांच्या बदल्यात संस्थेने सुमारे 70 टक्के हिस्सा घेतला (टक्केवारीविषयी लेखकांत थोडा मतभेद आहे), आणि मेनार्ड गावच्या एका जुन्या लोकरगिरणीत ‘डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन’चे काम सुरू झाले. पहिला संगणक त्या कंपनीने थोड्याच वर्षांत बाजारात आणला. 1966 मध्ये तिचे भाग सर्वसाधारण विक्रीस निघाले, आणि दशकाच्या अखेरीस बोस्टनच्या संस्थेचा हिस्सा 35 कोटी डॉलरांवर गेला. ज्या बाजाराविषयी संचालकांची खात्री नव्हती त्यानेच हे द्रव्य दिले, ही बाब दोरिओंच्या मनुष्यपरीक्षेच्या बाजूने मांडली जाते. तथापि एका उदाहरणावर सिद्धांत कितपत उभारावा, हा प्रश्न राहतोच. 1972 मध्ये संस्था टेक्स्ट्रॉन कंपनीत विलीन झाली.

माणूस की बाजार : कॅलिफोर्नियातील साहस भांडवलदारांचा पंथ या प्रश्नावर दुभंगलेला दिसतो. इंटेलच्या स्थापनेस (1968) पैसा उभारून देणारे आर्थर रॉक हे दोरिओंप्रमाणेच माणसाला प्राधान्य देत. उलट, 1972 मध्ये ‘सिकोया’ या साहस भांडवल संस्थेची स्थापना करणारे डॉन व्हॅलेंटाइन हे मूळचे अर्धवाहकांच्या विक्रीतले, बाजार पुरेसा मोठा असेल तर माणसे बदलता येतात, अशी त्यांची धारणा होती. 1987 मध्ये त्यांनी सिस्को कंपनीत पैसा घातला, आणि तिच्या संस्थापक दांपत्यास 1990 मध्ये कंपनी सोडावी लागली तरी कंपनी वाढतच राहिली. तिसरा मार्ग टॉम पर्किन्स या साहस भांडवलदाराचा. जेनेन्टेक (1976) या जीवतंत्रविद्येच्या कंपनीस एकदम मोठी रक्कम देण्याऐवजी त्यांनी आधी 1,00,000 डॉलर दिले व प्रयोग विद्यापीठांच्या आणि संशोधनसंस्थांच्या प्रयोगशाळांतून करवून घेतले. हेतू असा की मुख्य शास्त्रीय शंका फिटल्यावाचून इमारत व नोकरवर्ग यांवर खर्च पडू नये. जोखीम टप्प्याटप्प्याने उतरविण्याची ही युक्ती प्रस्तुत लेखकास वरील दोन्ही मतांहून अधिक महत्त्वाची वाटते.

681 संस्थांतील 885 भांडवलदारांकडून माहिती घेऊन 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, सर्वांत महत्त्वाचा घटक कोणता या प्रश्नास 47 टक्के मंडळींनी संस्थापकांचा चमू असे उत्तर दिले. सुमारे 100 प्रस्तावांमागे एक सौदा पुरा होतो, असेही तीत आढळले. भांडवलदार आपल्याविषयी जे सांगतात आणि जे करतात त्यांत अंतर असू शकते, हे अर्थात ध्यानात ठेवले पाहिजे.

बाजाराचा कल : एकेक प्रस्ताव स्वतंत्रपणे तपासला असता वाजवी दिसतो, परंतु सर्व एकत्र ठेवता अशक्य ठरतो, असे घडू शकते. 1977 ते 1984 या काळात अमेरिकेत ‘विंचेस्टर’ जातीच्या संगणक-तबकड्या बनविणाऱ्या 43 कंपन्यांना साहस भांडवलदारांनी जवळजवळ 40 कोटी डॉलर पुरविले. प्रत्येकीचा मसुदा बाजारातील माफक हिस्सा गृहीत धरीत असे. या सर्व माफक हिश्श्यांची बेरीज बाजाराच्या बाहेर जाते, हे मात्र कोणी पाहिले नाही, अथवा पाहूनही आपली कंपनी तरेल असे मानले. यांपैकी ज्या 12 कंपन्यांचे भाग बाजारात होते त्यांची एकत्रित किंमत 1983 च्या मध्यास 5 अब्ज डॉलरांवर होती. 1984 अखेर ती दीड अब्जाच्या आत आली. साल्मन व स्टीव्हन्सन यांनी 1985 मध्ये केलेले या प्रकरणाचे विवेचन अद्याप वाचनीय आहे.

मूल्यांकन : पाच वर्षांनी कंपनी 100 कोटी रुपयांची होईल असा अंदाज असून दसपट परतावा हवा असेल, तर तिची आजची किंमत 10 कोटी धरतात आणि 2 कोटींस 20 टक्के हिस्सा मागतात. पुढील भागविक्रीत हा हिस्सा घटणार असल्याने प्रत्यक्षात काहीसा जास्त मागितला जातो. मूळ अंदाज कशावरून बांधला, हे विचारण्याचा प्रघात कमी.

करारनामे : विसर्जनप्रसंगी प्रथम वसुलीचा हक्क व संचालक नेमण्याचा अधिकार ही प्रमुख कलमे.

भारत : 1986 च्या कायद्याने आयात तंत्रज्ञानाच्या मोबदल्यावर उपकर बसवून मुंबईच्या भारतीय औद्योगिक विकास बँकेमार्फत साहस भांडवलाची तजवीज करण्यात आली. 1988 मध्ये केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे निघाली, आणि आयसीआयसीआय व युनिट ट्रस्ट यांनी मिळून बंगळूर येथे स्वतंत्र कंपनी काढली. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाचे (‘सेबी’चे) पहिले विनियम 1996 चे असून, 2012 पासून पर्यायी गुंतवणूक निधींचे विनियम लागू आहेत. त्याच वर्षी प्राप्तिकर कायद्यात अशी तरतूद आली, की खाजगी कंपनीने आपले भाग रास्त बाजारमूल्याहून अधिक दराने निवासी गुंतवणूकदारास विकल्यास वरची रक्कम उत्पन्न समजावी. नोंदणीकृत साहस भांडवल निधींस ती लागू नव्हती. परंतु इतर गुंतवणूकदारांनी भविष्याच्या भरवशावर दिलेला भाव कर-अधिकाऱ्याने चालू दस्तऐवजांवरून पारखावयाचा, अशी स्थिती उत्पन्न झाली. करचुकवेगिरीस आळा म्हणून या तरतुदीचे समर्थन झाले, नवोद्योगांकडून तक्रारीही झाल्या. पुढे नोंदणीकृत स्टार्टअप कंपन्यांना अटींवर सूट मिळाली, आणि 2024 च्या अर्थसंकल्पाने ती तरतूद सर्वांसाठीच रद्द ठरविली.