सरकत्या पट्टीचा बाजा

दक्षिण जर्मनीत, ब्लॅक फॉरेस्ट या अरण्यप्रदेशाच्या पूर्वेस, तत्कालीन व्युर्टेंबर्ग राज्याच्या मुलखात ट्रॉसिंगेन नावाचे एक गाव आहे. केवळ शेतीवर वर्ष निभावणे दुरापास्त, अशा त्या गावातील अनेक कुटुंबे घड्याळे जुळविण्याच्या आणि कापड विणण्याच्या हातउद्योगावर गुजराण करीत असत. आणि त्यांच्यापैकीच एक, मात्थियास होनर नावाच्या घड्याळजीने, १८५७ साली पत्नी व एक मदतनीस यांना हाताशी धरून तोंडाने वाजवावयाचे बाजे, म्हणजे माउथ ऑर्गन, बनविण्यास प्रारंभ केला. पहिल्या वर्षी ६५० बाजे तयार झाले. याच गावात ख्रिस्तियान मेस्नरने हा धंदा त्याच्या कितीतरी आधी मांडला होता, तेव्हा आद्यत्वाचा मान होनरला देता येत नाही. परंतु एकाच मापाचा, एकाच दर्जाचा आणि गरिबाला परवडेल अशा किमतीचा जिन्नस हजारोंच्या संख्येने निर्माण करून तो समुद्रापार अमेरिकेच्या पेठेत नेऊन विकण्याची दूरदृष्टी मात्र त्याची होती, आणि १८८७च्या सुमारास त्याच्या कारखान्यातून वर्षाला दहा लाखांहून अधिक बाजे बाहेर पडू लागले. यंत्रे आली तरी पुष्कळसे किरकोळ काम गावातील स्त्रिया आणि मुले घरोघरी बसून करीत. या वाद्याच्या स्वस्ताईत त्या हातांच्या अल्प मजुरीचाही वाटा होता, हे नमूद केल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

या बाजाचे तत्त्व महाराष्ट्रातील वाचकाला विस्ताराने समजावून सांगावयास नको, कारण आपल्या पेटीचे तेच तत्त्व आहे. पितळेच्या पत्र्यातील चिरेवर एका टोकाशी जखडलेली पातळ पट्टी, जिला पेटीवाले सूर म्हणतात, वाऱ्याच्या झोताने कंप पावते आणि स्वर उमटतो. पेटीत तो वारा भाता पुरवितो, येथे छाती पुरविते. आणि पेटीत नाही असा एक विशेष येथे आहे, तो असा की श्वास सोडतानाही स्वर निघतो आणि ओढतानाही निघतो. होनरचा १८९६ पासूनचा मरीन बँड घेतला तर त्या दहा छिद्रांच्या साध्या बाजात अशा वीस पट्ट्या असून त्या एकाच षड्जाच्या शुद्ध स्वरांत लावलेल्या असतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील कृष्णवर्णीय वादकांनी मुखाच्या पोकळीचा आकार बदलून ओढलेला स्वर खाली वाकविण्याची जी कला साधली, तिच्यातून ब्लूजमधील बाजाचा तो आर्त, बोलका आवाज जन्मास आला. तथापि बाराही स्वर सरळ, स्वच्छ आणि इच्छेनुसार मिळावेत अशी ज्याची मागणी असे, त्याला तो बाजा पुरा पडणे शक्य नव्हते.

ही उणीव होनरच्या कारखान्याने पहिल्या महायुद्धापूर्वीच्या वर्षांत क्रोमोनिका नावाचा बाजा काढून दूर केली. त्यातील योजना अशी: प्रत्येक छिद्रामागे दोनाऐवजी चार पट्ट्या, त्यांपैकी दोन मूळ स्वरांच्या आणि दोन त्यांहून अर्ध्या स्वराने चढ्या; ओठांशी छिद्रे पाडलेली एक धातूची सरकती पट्टी; आणि तिच्या उजव्या टोकास एक बटण. बटण दाबताच मूळ स्वरांची वाट बंद होऊन चढ्या स्वरांची उघडते, आणि बोट उचलताच स्प्रिंगच्या जोरावर सारे पूर्ववत होते. बारा छिद्रांत ४८ पट्ट्या आणि तीन सप्तके, सोळा छिद्रांत ६४ पट्ट्या आणि चार सप्तके, हे जे मान पुढे रूढ झाले ते आजतागायत टिकून आहे.

परंतु याच योजनेने स्वस्ताईला तडा दिला, आणि हा बाजा विकत घेऊ पाहणाऱ्याने समजून घ्यावयाची खरी गोष्ट ही आहे. सोडण्याच्या आणि ओढण्याच्या पट्ट्या एकाच कप्प्यात शेजारी असल्यामुळे, एक वाजत असता दुसरीच्या चिरेतून वारा फुकट जाऊ पाहतो; तो अडविण्यासाठी बहुतेक चिरांवर बारीक झडपा डकवाव्या लागतात. शिवाय सरकती पट्टी आणि तिचे घर यांमध्ये केसभर फट राहिली तरी श्वास तेथून निसटतो. साध्या बाजात वीस पट्ट्या लावून काम भागते. येथे ४८ पट्ट्या, डझनावारी झडपा आणि वारा न गळणारी एक सरकती यंत्रणा, इतके सारे तळहाताएवढ्या वस्तूत बसवावयाचे असते. म्हणून हा बाराही स्वरांचा, म्हणजे क्रोमॅटिक, बाजा साध्या बाजाच्या कितीतरी पट महाग पडला, आणि जो स्वस्तात निघाला तो बहुधा गळका निघाला.

लोकमताच्या दरबारात त्याला प्रतिष्ठा मिळावयास आणखी वेळ लागला. बाल्टिमोर येथे १९१४ साली जन्मलेल्या लॅरी ॲडलरने क्रोमॅटिक बाजा वाद्यवृंदासमोर उभा केला. दारियुस मिल्होसारख्या आणि व्हॉन विल्यम्ससारख्या संगीतकारांनी त्याच्यासाठी स्वतंत्र रचना केल्या. तरीसुद्धा अमेरिकेतील वादकांच्या संघटनेच्या लेखी हा बाजा वाद्य नसून खेळणे होता. १९४७ साली शिकागोच्या हार्मोनिकॅट्स या त्रिकुटाने ‘पेग ओ’ माय हार्ट’ या जुन्या गीताची जी तबकडी काढली तिच्या लाखो प्रती खपल्या, आणि १९४८ मध्ये संघटनेला आपले दार या वादकांसाठी उघडावे लागले. ज्या वाद्याकरिता कारागिरांच्या पिढ्या खपल्या, ज्याच्यावर आयुष्ये वेचली गेली, त्याला इतकी वर्षे खेळणे ठरविले गेले हा अन्याय होता, आणि तो सामान्य श्रोत्यांनी दूर केला याचे मला मनापासून समाधान वाटते.

या तबकडीच्या संदर्भात शिकागोचा उल्लेख मी हेतुपूर्वक केला. युनिव्हर्सल रेकॉर्डिंग या ज्या संस्थेत बिल पटनम या ध्वनितज्ज्ञाने स्नानगृहातील प्रतिध्वनीचा उपयोग करून हार्मोनिकॅट्सची तबकडी मुद्रित केली, त्याच संस्थेत १९५२च्या मे महिन्यात लुईझियानातून आलेल्या लिटल वॉल्टर या बावीस वर्षांच्या तरुणाने ‘ज्यूक’ हे वादन मुद्रित केले. ते साध्या बाजावरचे. परंतु मायक्रोफोन बाजासह तळहातांत दाबून धरून त्याचा आवाज विजेच्या यंत्रातून फाडून काढण्याची रीत त्याने रूढ केली, आणि तीच रीत पुढे क्रोमॅटिकवर चालवली. या क्षेत्रात त्याच्या बरोबरीने नाव घ्यावे ते जॉर्ज स्मिथचे. ब्लूजगायक मडी वॉटर्सच्या संचात वाजविलेल्या या वादकाने क्रोमॅटिकला ब्लूजमध्ये स्थिर स्थान दिले आणि विल्यम क्लार्कसारखे शिष्य तयार केले.

ब्लूजच्या वादकांनी या बाजाचा जो उपयोग केला तो त्याच्या निर्मात्यांच्या स्वप्नातही नसावा, आणि तो आपल्या स्वरलिपीत सांगितला तर चटकन उमगतो. सी या स्वरात लावलेल्या बाजाची पहिली चार छिद्रे ओढली की डी, एफ, ए आणि बी असे स्वर निघतात. आता डी हा षड्ज मानावा: ओढीत सा, कोमल ग, प आणि शुद्ध ध एकदम वाजतात, आणि फुंकीत शुद्ध रे, शुद्ध म व कोमल नी मिळतात. हा सरळसरळ आपला काफी थाट झाला! बटणाला हात न लावता नुसता श्वास खोल ओढला की उदास, भरदार स्वरसंघ छातीतून निघाल्यासारखा उमटतो. त्यावर आणखी एक साधन म्हणजे जीभ. पाच छिद्रांवर ओठ ठेवून मधली तीन जिभेने बुजविली की दोन्ही कडांना तोच स्वर दोन सप्तकांत वाजतो. छिद्रांची मांडणी दर चार घरांनी तशीच पुन्हा येत असल्यामुळे हे जोडस्वर बाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न चुकता मिळतात. म्हणूनच या वादकांनी खर्जाचे जादा सप्तक असलेला सोळा छिद्रांचा वजनदार बाजा पसंत केला.

जॅझने मात्र त्याच वस्तूकडून अगदी निराळी चाकरी घेतली. ब्रसेल्समध्ये १९२२ साली जन्मलेला टूट्स थीलमान्स लहानपणी ॲकॉर्डियन वाजवी. लॅरी ॲडलरमुळे तो बाजाकडे आणि जँगो राइनहार्टमुळे गिटारकडे वळला, १९५०च्या सुमारास बेनी गुडमनबरोबर युरोपात हिंडला आणि पुढे अमेरिकेत जाऊन जॉर्ज शिअरिंगच्या संचात स्थिरावला. १९५७च्या अखेरीस आणि १९५८च्या आरंभी त्याने रिव्हरसाइड कंपनीसाठी जे वादन केले, त्यात हा बाजा सॅक्सोफोनच्या बरोबरीने, त्याच चपळाईने आणि त्याच बुद्धीने बोलतो. त्याचे मर्म बटणात आहे. ई हा स्वर फुंकून बटण दाबले तर एफ मिळतो, आणि तोच एफ बटणाशिवाय ओढूनही मिळतो. म्हणजे एकाच स्वराला दोन वाटा असून, कोणत्या वाटेने गेले असता ओळ श्वास न तोडता पुरी होईल हे वादकाने क्षणार्धात ठरवावयाचे असते. थीलमान्सच्या वादनातील अखंड, गुळगुळीत ओघ या निर्णयांतून घडलेला आहे. स्टीव्ही वंडरने हाच बाजा लोकप्रिय गीतांत नेला, आणि १९७६च्या ‘इझन्ट शी लव्हली’मधील त्याचे वादन ज्याने ऐकले असेल त्याला आनंद म्हणजे काय हे निराळे सांगावे लागणार नाही.

इकडे होनरचा इजारा हळूहळू सैल होत होता. ब्राझीलमधील ब्लुमेनाउ या जर्मन वसाहतीत १९२३ साली हेरिंगचा कारखाना निघाला. जपानात १९१७ पासून टोंबो आणि १९५३ पासून हामामात्सूची सुझुकी हे कारखाने उभे राहिले. शांघायमध्ये जन्मलेल्या चॅम-बर ह्वांगने अमेरिकेत होनरसाठी एक नवा क्रोमॅटिक बाजा रचला आणि नंतर स्वतःच्या नावाने स्वस्त बाजे काढले. अलीकडे चीनच्या ईस्टटॉप आणि स्वान या कारखान्यांनी किंमत आणखी खाली आणली. १९९७ साली खुद्द होनरची मालकी बहुतांशी तैवानच्या कंपनीकडे गेली. या साऱ्या घडामोडींतून वादकाच्या पदरी पडलेला सर्वांत मोठा लाभ म्हणजे प्लास्टिकचा गाभा आणि स्क्रूने बसविलेले पत्रे. जुन्या क्रोमोनिकाचा गाभा लाकडी असे आणि पितळेचे पत्रे त्यावर खिळ्यांनी ठोकलेले असत. ओलाव्याने लाकूड फुगे, वाळल्यावर चिरे, आणि एकदा खिळे उपटले की पत्रे पुन्हा पूर्ववत घट्ट बसविणे जिकिरीचे होई. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात असा बाजा सांभाळणे किती कठीण, हे ज्यांनी तंबोऱ्याच्या भोपळ्याला जपले आहे त्यांना सांगावयास नको.

मुंबईशी या बाजाचे नाते चित्रपटसंगीताने जोडले. १९५८च्या ‘सोलवा साल’मध्ये आगगाडीच्या डब्यात गायिलेल्या हेमंतकुमारांच्या गीतातील बाजा राहुलदेव बर्मन यांनी वाजविला, आणि १९६४च्या ‘दोस्ती’मध्ये, कुडाळकर आणि शर्मा यांच्या, म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या संगीतासाठी, राहुलदेवांनीच पुन्हा बाजा ओठांशी धरला. त्या चित्रपटाने किती मराठी मुलांना माउथ ऑर्गनचा छंद लावला असेल याची गणती नाही. त्या काळी परदेशी मालाच्या आयातीवर परवान्यांचे निर्बंध होते आणि चांगला क्रोमॅटिक बाजा हाती येणे नशिबाचा भाग असे. आज ती अडचण राहिलेली नाही, निवड करण्याची अडचण आहे.

माझे मत विचाराल तर बेताच्या ऐपतीच्या माणसाने छिद्रांच्या संख्येला भुलू नये. स्वस्तातला सोळा छिद्रांचा बाजा घेण्यापेक्षा त्याच पैशांत बारा छिद्रांचा, सी सुराचा, प्लास्टिकच्या गाभ्याचा आणि स्क्रूच्या बांधणीचा बाजा घ्यावा. जॅझला तो पुरतो आणि काफीचा तो ओढलेला स्वरसंघ त्यातही आहेच. दुकानात वाजवून पाहू दिले तर सर्वांत खालचा स्वर अगदी मंद ओढावा: तो फुसका निघाला, किंवा श्वास भरभर संपला, तर बाजा गळका समजावा. बटण न दाबता आणि दाबून ४८ही पट्ट्या एकेक वाजवून पाहाव्यात, आणि बटण सोडताच पट्टी न अडखळता परत येते का ते पाहावे. बाजा घरी आणल्यावर वाजविण्यापूर्वी तो तळहातांत काही वेळ धरून कोमट करावा, कारण थंड धातूवर श्वासातील बाष्प साचून झडपा चिकटतात आणि फडफडू लागतात. पुढे एखादी पट्टी बेसूर झाली तर ती टोकाशी किंचित खरवडल्यास स्वर चढतो, बुडाशी खरवडल्यास उतरतो. पेटी दुरुस्त करणाऱ्या आपल्या कारागिरांचा हा रोजचा हातखंडा आहे, आणि अशा कारागिराकडे चार दिवस बसून तो शिकून घेण्यास स्वस्त बाजाइतके निर्धोक साधन दुसरे नाही.