एका फटक्याचा निवाडा

गोल्फचा खेळ पाहणाऱ्याच्या सहनशक्तीची परीक्षा घेतो, ही तक्रार जुनी आहे. परंतु या संथपणातच त्या खेळाचा न्याय साठविलेला आहे, हे तक्रार करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. चार दिवस, दररोज अठरा, असे बहात्तर होल खेळून झाल्यावर जी बेरीज उरते तिच्यावरून श्रेष्ठ कोण ते ठरते. मध्येच एखादा चेंडू झाडीत गेला, पाण्यात बुडाला किंवा हातभर अंतरावरून हुकला, तरी झालेली नुकसानी भरून काढण्यास पुढे पुष्कळ मुदत असते. दूरचित्रवाणीपाशी मात्र मुदतीचेच दुर्भिक्ष. तिला तासाभरात प्रारंभ, उत्कर्ष आणि निकाल हवा असतो, आणि निकाल लागताना पराभूताची मुद्रा जवळून दिसावी लागते. या दोन परस्परविरुद्ध प्रकृतींचा संसार अमेरिकेत मांडला गेला तेव्हा खेळाचे लहान लहान तुकडे कसे पडत गेले आणि अखेरीस एकट्या फटक्यास स्वतंत्र निवाड्याचा अधिकार कसा प्राप्त झाला, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

फटक्यांची चढाओढ दूरचित्रवाणीनेच जन्मास घातली, असे मात्र म्हणता येणार नाही. दोन महायुद्धांच्या दरम्यान वॉल्टर हेगन या नामांकित खेळाडूसमवेत ऑस्ट्रेलियाचा जो कर्कवुड देशोदेशी हिंडे आणि घड्याळाच्या काचेवर ठेवलेला चेंडू काचेस धक्का न लावता उडविण्यासारखे चमत्कार दाखवून वाहवा मिळवी. मोठ्या स्पर्धेच्या आगेमागे लांब पल्ल्याच्या फटक्याची शर्यत लावण्याचाही प्रघात होता. १९६३ साली डॅलस येथे पीजीए चॅम्पियनशिपच्या वेळी झालेल्या अशा शर्यतीत जॅक निकलॉसने लाकडी ड्रायव्हरने ३४१ यार्ड १७ इंच अंतर गाठले आणि नोटा अडकविण्याचा एक चिमटा बक्षीस मिळविला. पुढे मुख्य स्पर्धाही त्यानेच जिंकली, परंतु शर्यतीतल्या त्या फटक्याचा स्पर्धेच्या हिशेबात काडीचाही उपयोग झाला नाही. गमतीचा जमाखर्च निराळा आणि खेळाचा निराळा, असाच तेव्हा रिवाज होता.

हा रिवाज मोडण्यास कॅमेरा कारणीभूत झाला. १९४७ साली सेंट लुईस येथील अमेरिकन ओपन स्पर्धा प्रथमच, आणि तीही त्या शहरापुरतीच, दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आली. बरोबरी झाल्यामुळे लू वॉर्शम आणि सॅम स्नीड यांच्यात पुन्हा अठरा होलांचा सामना झाला, आणि शेवटच्या होलवर दोघांचेही चेंडू सुमारे अडीच फुटांवर येऊन थांबले. स्नीड पट, म्हणजे होलजवळचा हलका फटका, मारण्याच्या पवित्र्यात उभा असता वॉर्शमने अंतर मोजण्याची मागणी केली; मोजणीअंती स्नीडचा चेंडू इंचभर दूर ठरला, पहिली पाळी त्याचीच राहिली, आणि त्याने तो हुकविला. याच वॉर्शमला सहा वर्षांनी कॅमेऱ्याने आणखी मोठी देणगी दिली. जॉर्ज मे नावाच्या धनाढ्य आयोजकाने शिकागोजवळ टॅम ओ'शँटर येथे भरविलेली १९५३ ची स्पर्धा राष्ट्रभर दिसलेली पहिली गोल्फ स्पर्धा होय. चँडलर हार्पर विजयी झाला असे सारे जण धरून चालले असता वॉर्शमने शंभराहून अधिक यार्डांवरून वेजने मारलेला चेंडू सरळ होलमध्ये गेला आणि पंचवीस हजार डॉलरांचे पहिले बक्षीस एका क्षणात या हातातून त्या हातात गेले. चार दिवसांचा खेळ एका फटक्यात सांगता येतो, हे प्रसारणाच्या व्यापाऱ्यांना त्या दिवशी उमगले.

पहिली तजवीज चित्रपटाच्या धर्तीची झाली. १९५७ पासून ‘ऑल-स्टार गोल्फ’ या मालिकेत दोन नामांकित खेळाडूंचा सामना चित्रित करून, त्यातील चालणे आणि वाट पाहणे कापून, प्रेक्षकांपुढे ठेवण्यात येऊ लागला. १९६२ मध्ये एका तेल कंपनीच्या आश्रयाने ‘शेल्स वंडरफुल वर्ल्ड ऑफ गोल्फ’ ही मालिका सुरू झाली आणि इंग्लंडमधील वेंटवर्थ येथे जेरी बार्बर व डाय रीस यांच्या सामन्याने तिचा प्रारंभ झाला. ह्यूस्टन येथे १९६४ मध्ये चित्रित झालेला बेन होगन आणि स्नीड यांचा सामना तर रसिकांनी अद्याप जपून ठेवला आहे. होगनने त्या दिवशी एकही फेअरवे वा एकही ग्रीन चुकविली नाही आणि ६९ विरुद्ध ७२ अशी बाजी मारली. कात्रीने काळ आखडला, तरी या मालिकांत बेरजेचा अंमल कायम होता.

तो १९८३ मध्ये उठला. डॉन ओहल्मायर या निर्मात्याने ॲरिझोनातील स्कॉट्सडेल येथे आर्नॉल्ड पामर, गॅरी प्लेयर, जॅक निकलॉस आणि टॉम वॉटसन या चौघांना एकत्र आणून ‘स्किन्स गेम’ मांडला. यात एकूण फटके मोजायचे नाहीत. प्रत्येक होलवर स्वतंत्र इनाम लावायचे आणि जो एकटा तो होल जिंकेल त्याने ते न्यावे, असा कायदा. आपल्याकडे जत्रेतील कुस्ती बरोबरीत सुटली तर इनाम वाटून देण्याची रीत आहे; येथे बरोबरी झाल्यास रक्कम वाटली न जाता पुढच्या होलवर चढे, आणि चढता चढता तिचा भार शेवटी एखाद्या पटावर येऊन पडे. पहिल्या सहा होलांस प्रत्येकी दहा, पुढच्या सहांस वीस आणि अखेरच्या सहांस तीस हजार, मिळून तीन लक्ष साठ हजार डॉलरांची ही व्यवस्था होती. प्लेयरने त्यातून १,७०,००० डॉलर नेले. त्याच वर्षी मास्टर्स या मानाच्या स्पर्धेच्या विजेत्यास ९०,००० मिळाले होते. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात पीजीए वेस्ट या मैदानाच्या सतराव्या होलवर ली ट्रेव्हिनोने टीवरून मारलेला चेंडू थेट होलमध्ये गेला, आणि तेवढ्या एका फटक्याचा मोबदला १,७५,००० डॉलर ठरला. त्या वर्षीच्या अमेरिकन ओपनच्या विजेत्यास चार दिवसांच्या श्रमाबद्दल १,५०,००० डॉलर मिळाले. मूल्यांची ही उलथापालथ काहींना अप्रशस्त वाटली, पण प्रेक्षकांनी तिला हजेरी लावली.

तथापि हे सारे प्रतिष्ठितांचे खेळ होते. ज्याला कोणी ओळखत नाही, ज्याची मिळकत प्रवेशशुल्कात आणि प्रवासात संपते, अशा खेळाडूस या मांडवात जागा नव्हती. त्याच्यासाठी १९६५ पासून पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेच्या पात्रता परीक्षेचा, म्हणजे क्यू-स्कूलचा, खडतर मार्ग होता. तिची अंतिम पायरी पुढे दीर्घकाळ सहा फेऱ्यांची, म्हणजे १०८ होलांची असे. १९९५ च्या जानेवारीत पामर आणि उद्योजक जोसेफ गिब्स यांनी स्थापिलेली गोल्फ चॅनल ही वाहिनी सुरू झाली आणि चोवीस तास गोल्फ दाखविण्याचे ओझे तिने शिरावर घेतले. त्या गरजेतून २००३ मध्ये ‘द बिग ब्रेक’ निर्माण झाला. मिशिगनमधील ट्रीटॉप्स येथे पहिल्या पर्वासाठी जमलेल्या उमेदवारांपुढे रोकड रकमेपेक्षा मोठे आमिष होते ते परवान्याचे: विजेत्यास कॅनेडियन टूरच्या काही स्पर्धांत थेट प्रवेश. त्या पर्वात जस्टिन पीटर्स विजयी झाला.

या कार्यक्रमाची रचना मुळातून पाहण्यासारखी आहे. काचेची तावदाने उभी करून त्यांवर नावे लिहिलेली असत आणि ठराविक अंतरावरून चेंडू मारून ती फोडायची असत. उंच भिंतीपलीकडे होल ठेवून, चेंडू भिंतीवरून अलगद उतरविण्यास सांगितले जाई. प्रत्येक भागाच्या शेवटी कोणास तरी निरोप मिळे. येथे खराब फटक्याची भरपाई करण्यास पुढचा होल नसे. आणि जो उमेदवार महिनोन्‌महिने एकट्याने सराव करीत आला, त्याला आता प्रतिस्पर्ध्यांच्या डोळ्यांदेखत, ध्वनिग्राहक अंगावर वागवीत, मधल्या दीर्घ खोळंब्यानंतर थंड पडलेल्या हातांनी एकच चेंडू मारावा लागे. ज्याला नित्याच्या खेळात लय म्हणतात तिचा येथे पाडाव होत असे. उरे ते केवळ धैर्य आणि हाताची सवय.

अशा निवाड्याचे मोल किती, ते पुढील हकीकतींवरून ठरवावे. दक्षिण कॅरोलायनातील टॉमी गेनी हा पाणी तापविण्याच्या टाक्यांच्या कारखान्यात राबलेला, दोन्ही हातांत मोजे घालून खेळणारा मनुष्य. या कार्यक्रमाचे सातवे पर्व त्याने जिंकले आणि २०१२ मध्ये सी आयलंड येथे अखेरच्या फेरीत ६० फटक्यांचा पराक्रम करून पीजीए टूरवरील विजय मिळविला. गॅरेजमध्ये लटकविलेल्या गादीवर चेंडू मारीत घडलेला टोनी फिनॉ २००९ मध्ये अंतिम टप्प्यात पराभूत झाला. परंतु २०१६ ते २०२३ या काळात त्याच टूरवर त्याने सहा स्पर्धा जिंकल्या. गेरिना पिलर आणि रायन ओ'टूल या स्त्री खेळाडूही याच मांडवातून पुढे जाऊन सोल्हाइम चषकासाठी अमेरिकेकडून खेळल्या. उलट पुष्कळ विजेत्यांची नावे आज फक्त चाहत्यांच्या स्मरणात आहेत. २०१५ मध्ये कार्यक्रमाची नियमित पर्वे थांबली.

त्या सुमारास हा प्रकार खेळाच्या सर्वांत कर्मठ देवडीतही शिरला होता. २०१२ पर्यंत एकाही स्त्रीस सभासदत्व न देणाऱ्या ऑगस्टा नॅशनल क्लबच्या आवारात २०१४ पासून सात ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींची ‘ड्राइव्ह, चिप अँड पट’ ही स्पर्धा मास्टर्सच्या आधीच्या रविवारी होऊ लागली, आणि ती वाहिनीवरून दिसू लागली. पट मारण्याची परीक्षा होते ती, जेथे मास्टर्सचा निकाल लागतो त्याच अठराव्या ग्रीनवर. पहिल्याच वर्षी तेथे उतरलेला भारतीय वंशाचा अक्षय भाटिया २०२४ मध्ये टेक्सास ओपन जिंकून प्रत्यक्ष मास्टर्समध्ये खेळला.

तेव्हा एका फटक्याच्या परीक्षेस केवळ तमाशा म्हणून उडवून लावणे न्याय्य नाही, आणि तिला गुणवत्तेची सनद मानणे त्याहून कमी न्याय्य आहे. नाव पुकारले असता, पाहणारे असता आणि दुसरी संधी नसता मनुष्याचा हात स्थिर राहतो का, एवढेच ती सांगते. चुकलेला फटका मनातून काढून पुढच्या चेंडूकडे स्वच्छ दृष्टीने पाहण्याची विद्या मात्र तिच्या कक्षेबाहेर आहे. कारण तेथे चुकणारा घरी जातो, आणि ही विद्या ज्यांना चुकल्यावरही खेळत राहावे लागते त्यांनाच साधते. अंतिम टप्प्यात हरलेल्या फिनॉच्या सहा विजयांचा हिशेब दूरचित्रवाणीने मांडलेल्या कोणत्याही निवाड्यात बसत नाही, तो या कारणाने.