पळून गेली की पळवून नेली?

न्यायालयात ज्यांचे आयुष्य जाते त्यांच्या कानी एक प्रश्न पुनःपुन्हा पडत असतो. मुलगी घरातून नाहीशी होते, बाप फिर्याद देतो, पोलीस तिला कुठल्याशा परगावी शोधून काढतात, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या त्या मुलीला विचारले जाते, “तू पळून गेलीस, की तुला पळवून नेले?” मराठीने या दोन गोष्टींसाठी एकाच धातूची दोन रूपे योजिली आहेत, परंतु त्या रूपभेदावर एखाद्या तरुणाची सात वर्षांपर्यंतची कैद अवलंबून असते. प्रवासात फुलणाऱ्या प्रेमाचे जे चित्रपट आपण मोठ्या आवडीने पाहतो, त्यांचा इतिहास म्हणजे याच प्रश्नाला मिळत गेलेल्या उत्तरांचा इतिहास होय, असे आम्हांस वाटते.

मराठी प्रेक्षकाला ही कथा नवी नव्हती. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले. बलरामदादांनी सुभद्रा दुर्योधनाला देऊ केली, हे कळताच तीर्थयात्रेस निघालेला अर्जुन जगाला विटतो आणि यतीचा वेष घेतो. पुढे जे घडते त्याला परंपरा सुभद्राहरण म्हणते. पण नाटकातील सुभद्रेचे मन आधीच अर्जुनाकडे गेलेले असल्यामुळे ते हरण केवळ नावाचे उरते. वडीलधाऱ्यांचा शब्द फिरवावयाचा तर थोडा प्रवास, थोडे वेषांतर आणि थोडी लबाडी लागते, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी टाळ्या वाजवून मान्य केले होते.

बोलपटाच्या जगात या कथेला तिचे आजचे रूप दिले ते फ्रँक काप्रा या दिग्दर्शकाच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ने. हा चित्रपट फेब्रुवारी १९३४ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. कोट्यधीशाची कन्या एली बापाला न जुमानता एका छानछोकी पुरुषाशी लग्न लावून मोकळी होते. बाप ते लग्न रद्द करवू पाहतो आणि तिला आपल्या नौकेवर अडकवून ठेवतो. ती समुद्रात उडी घेते आणि मायामीहून न्यूयॉर्कला जाणारी रात्रीची बस पकडते. बसमध्ये तिला भेटतो नोकरी गमावलेला एक वार्ताहर. ज्याच्याकडे ती निघाली आहे तो मनातून उतरत जातो, आणि ज्याच्याबरोबर ती चालली आहे तो मनात भरत जातो.

या चित्रपटातील एक घोंगडी जगप्रसिद्ध झाली. पैसे थोडे, म्हणून दोघांना एकाच खोलीत रात्र काढावी लागते. तेव्हा तो तरुण दोन खाटांमध्ये दोरी बांधून तीवर घोंगडी टाकतो आणि बायबलातील यरीहोच्या तटाचे नाव तिला देतो. अमेरिकन चित्रव्यवसायाची नीतिसंहिता १९३० सालीच लिहिली गेली होती, पण तिचा कडक अंमल जुलै १९३४ पासून, म्हणजे या चित्रपटानंतर सुरू झाला. ती घोंगडी कोणा अधिकाऱ्याने टांगावयास लावलेली नव्हे. दोन अपरिचित माणसांनी आपसांत केलेला तो एक करार आहे. कायद्याची भिंत उंच असते आणि तरीही माणसे ती ओलांडतात. विश्वासाची भिंत घोंगडीची असली तरी तिला हात लागत नाही.

हृदयभंगही येथे आहे. लग्नाची मागणी रिकाम्या खिशाने घालू नये म्हणून वार्ताहर पैसे आणावयास रात्रीच निघून जातो. ती जागी होते, तो दिसत नाही, आपण टाकले गेलो असे समजून ती बापाला बोलावते. पुढे त्या बापासमोर वार्ताहर येतो तो दहा हजार डॉलरांचे बक्षीस मागावयास नव्हे, तर प्रवासात पदरचे खर्च झालेले ३९ डॉलर ६० सेंट वसूल करावयास. या हिशेबाच्या कागदावरून बाप माणूस ओळखतो आणि लग्नवेदीकडे चालता चालता मुलीच्या कानात सांगतो, की मोटार तयार आहे. मुलगी पळते खरी, पण बापाच्या सांगण्यावरून पळते. निकाल अखेर पालकाच्याच सहीने लागतो.

या चित्रपटाला चित्र, दिग्दर्शन, नट, नटी आणि पटकथा या पाचही प्रमुख बाबींची ऑस्कर पारितोषिके मिळाली. असा मान त्यापूर्वी कोणत्याही चित्रपटास मिळाला नव्हता. पारितोषिकाची आशा नसलेली नायिका क्लॉडेट कोल्बेर त्या रात्री आगगाडीने निघाली होती. तिला स्थानकावरून प्रवासी वेषातच समारंभाला आणावे लागले. प्रवासाच्या चित्रपटाला याहून शोभणारा शेवट कोणता असावा?

हीच कथा १९५६ साली हिंदी पडद्यावर ‘चोरी चोरी’ या नावाने आली. राज कपूर आणि नर्गिस, शंकर-जयकिशन यांचे संगीत, दिग्दर्शक अनंत ठाकूर. तो काळ लक्षात घ्यावा. हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी अमलात आला होता. पत्नीला घटस्फोट मागण्याचा हक्क आता देशभर मिळाला. बडोदे संस्थानाने तसा कायदा १९३१ सालीच केला होता, ही गोष्ट तेथील वाचकांना अभिमानाने आठवत असेल. पण त्याच कायद्यात अठरा वर्षांखालील वधूच्या विवाहाला पालकाची संमती आवश्यक ठेवली होती, आणि ती तरतूद १९७८ च्या दुरुस्तीपर्यंत टिकली. कायदा एक पाऊल पुढे टाकून मागे वळून बापाकडे पाहत होता. पडद्यावरची कथाही तेच करीत होती.

न्यायालयाने मात्र १९६४ साली एक पाऊल पुढे टाकले. वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य या खटल्याची हकिकत चित्रपटासारखी आहे. अठरा वर्षे पूर्ण व्हावयास थोडाच अवधी उरलेल्या एका महाविद्यालयीन मुलीने स्वतः दूरध्वनी करून आपल्या मित्राला बोलावले, त्याच्याबरोबर ती नोंदणी कचेरीत गेली, आणि मग ती दोघे गावे बदलत तंजावरपर्यंत पोचली, तेथे पोलिसांना सापडली. सर्वोच्च न्यायालयाने त्या तरुणास दोषमुक्त केले. आपण काय करीत आहोत हे समजण्याची कुवत असलेली मुलगी आपण होऊन निघाली असेल, तर तिला बरोबर येऊ देणे म्हणजे तिला नेणे नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. ‘नेणे’ आणि ‘येऊ देणे’ यांतला हा भेद आम्हांस कित्येक प्रेमकाव्यांहून अधिक मोलाचा वाटतो.

तरी पडद्यावरचा बाप इतक्यात हटला नाही. १९९१ साली महेश भट यांनी ‘दिल है के मानता नहीं’ या नावाने तीच कथा पुन्हा सांगितली. तेथेही मंडपातून पळ काढण्यासाठी मुलीला प्रोत्साहन देतो तो तिचा पिताच.

हे चित्र पालटले ते २००७ साली इम्तियाज अली यांच्या ‘जब वी मेट’मध्ये. येथे आरंभी हृदय भंगले आहे ते पुरुषाचे. बाप वारलेला, प्रेयसी दुसऱ्याची झालेली, आई दुसऱ्या पुरुषासाठी घर सोडून गेलेली. असा हा आदित्य उद्योग वाऱ्यावर सोडून मिळेल त्या गाडीत चढतो. तेथे त्याला भेटते गीत, भटिंड्याची एक अखंड बडबडणारी मुलगी. त्याच्यापायी तिची गाडी सुटते आणि रात्र काढावी लागते ती रतलामला. इंदूरकडील आमच्या वाचकांना हे स्थानक वेगळे सांगावयास नको. मुंबई-दिल्ली मार्गावर कितीजणांनी तेथे अपरात्री घड्याळाकडे पाहत गाडीची वाट पाहिली असेल!

गीत सज्ञान आहे, आणि तिला जावयाचे आहे अंशुमानकडे. रात्री ती घर सोडते. आदित्य फक्त बरोबर असतो. परंतु घरच्यांचा समज होतो की यानेच तिला पळविली. नऊ महिन्यांनी तिचे काका त्याच्या दारी येऊन जाब विचारतात, तेव्हा आमचा जुना प्रश्न पडद्यावर जसाच्या तसा उभा राहतो. चित्रपट येण्याच्या आदल्याच वर्षी, २००६ च्या जुलैत, लता सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते, की सज्ञान स्त्री आपल्या पसंतीच्या पुरुषाशी विवाह करण्यास मुखत्यार आहे. कायद्यापुरता प्रश्न मिटला होता.

मग गीत त्या नऊ महिन्यांत कोठे होती? अंशुमानने तिला नाकारले होते, आणि ती सिमल्यात एका शाळेत मुकाट्याने शिकवीत होती. तिला कोणी कोंडले नव्हते. घरचा पत्ता ती विसरली नव्हती. फक्त ज्या दारातून आपल्या मर्जीने बाहेर पडलो, त्या दारात हरलेल्या तोंडाने उभे राहवत नव्हते. १९३४ ची एली एका निरोपासरशी घरी परतू शकली. गीतला ते जमले नाही. या चित्रपटाची थोरवी आम्हांस येथे दिसते. जाण्याचा हक्क कायद्याने दिला, पण परत येण्याची वाट कोणत्याही कलमात लिहिलेली नाही.

आम्ही वकिलांनी अशा मुली पाहिल्या आहेत. ‘मी आपण होऊन गेले’ एवढी साक्ष दिली की खटला निकालात निघतो. न्यायाधीश पुढील कागद हाती घेतात, आणि ती मुलगी न्यायालयाच्या पायऱ्यांवर एकटी उभी राहते. ज्याच्यासाठी गेली तो आला नाही. ज्यांना सोडून गेली ते खाली मान घालून निघून गेले. तिच्या स्वातंत्र्यावर शिक्का बसलेला असतो, पण रात्री कोठे जावे याचे उत्तर त्या शिक्क्यात नसते. ‘दिल्या घरी सुखी राहा’ असा आशीर्वाद देणाऱ्या आपल्या समाजाला न दिल्या घरी गेलेल्या मुलीला काय म्हणावे, हे अद्याप उमगलेले नाही.

चित्रपटात आदित्य तिला शोधून काढतो. तो तिला उपदेश करीत नाही. अंशुमानला दूरध्वनी लावून मनसोक्त शिव्या घाल, एवढेच सांगतो. त्या शिव्यांबरोबर तिचा आवाज तिला परत मिळतो. मग ती घरी जाते आणि घरच्या माणसांच्या गजबजाटात, पश्चात्तापाने परतलेल्या अंशुमानला बाजूला सारून, कोण आपला हे स्वतः ठरवते. या वेळी पिता मोटार तयार ठेवीत नाही. निकाल तिचाच असतो, आणि तो देण्यासाठी तिला घरातून पळावे लागत नाही.

‘पळून गेली की पळवून नेली’ हा प्रश्न न्यायालयाने विचारावा. त्याचे ते कामच आहे. आईबापांनी मात्र निराळा प्रश्न स्वतःला विचारावा, आणि तो मुलगी जाण्यापूर्वीच विचारलेला बरा: ती गेली आणि तिचे चुकले, तर आमचे दार रात्री किती वाजेपर्यंत उघडे आहे?